मंदीतल्या करारावर सही करू की व्हीआरएस घेऊन मोकळा होऊ?

प्रश्न: ताई नमस्कार, वाळूजला एका कंपनीत 14 वर्षं परमनंट आहे, वय 43. आम्ही गाड्यांच्या सायलेन्सरचे पार्ट बनवतो. दिवाळीनंतर एक्स्पोर्टच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, आधी ओटी बंद झाला, मग तिसरी शिफ्ट, मग एका शनिवारी 160 कंत्राटी पोरांना सांगितलं सोमवारपासून येऊ नका. त्यात माझा मेहुणा पण होता, सात वर्षं त्याच लाइनवर. आता आम्ही 210 परमनंट उरलोय. युनियनच्या कमिटीने मॅनेजमेंटसोबत कराराचा ड्राफ्ट केलाय, पुढच्या रविवारी जनरल बॉडीत मतदान आहे. दोन वर्षं पगारवाढ नाही, महिन्यात 4 दिवस प्लांट बंद आणि त्या दिवसांचं नो वर्क नो पे, पुढे नवीन भरती होईल त्यांचा ग्रेड वेगळा, आमच्या साठ टक्के पगारावर, आणि बदल्यात कंपनी ‘कामगार कपात टाळण्याचा पूर्ण प्रयत्न करेल’. शिवाय व्हीआरएसची, म्हणजे पैसे घेऊन स्वखुशीने नोकरी सोडायची, नोटीस लागलीय, मला सगळं मिळून 9 लाख बसतात. ग्रॉस 38,000, बेसिक आणि डीए मिळून 24,000, घराचा हप्ता 11,500, मुलगी दहावीला. निम्मे लोक म्हणतात सही करा नाहीतर गेटला कुलूप लागेल, निम्मे म्हणतात कमिटी विकली गेली, एक दिवस सगळ्यांनी सीएल, म्हणजे कॅज्युअल लिव्ह, टाकू. बायको म्हणते माझ्या भावाला कसं काढलं पाहिलं ना, पैसे घ्या आणि टेम्पो टाका. काय करू?
(वाळूजहून एक वाचक)

उत्तर: दादा, सगळ्यात आधी एक काम, रविवारपर्यंत व्हीआरएसच्या फॉर्मवर सही करू नका. एचआर बोलावून घेईल, चहा पाजेल, स्कीम लिमिटेड आहे म्हणेल, तरी नाही. एकदा स्वखुशीने राजीनामा दिला असं कागदावर आलं की नंतर ते उलटवणं फार अवघड जातं.

आता त्या 9 लाखांचं बघू, कारण घरात भांडण त्यावरून चाललंय. ‘सगळं मिळून’ असं लिहिलंय तुम्ही, आणि मेख तिथंच आहे. ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, ती राजीनामा दिला, निवृत्त झालात किंवा कपात झाली तरी मिळणारच, 24,000 ला 26 ने भागा, 15 ने गुणा, 14 वर्षांनी गुणा, साधारण 1 लाख 94 हजार होतात. शिल्लक रजेचे पैसे पण तुमचेच, ते समजा 50 हजार धरू. म्हणजे नोकरी सोडायच्या बदल्यात कंपनी खरं देतेय साडेसहा लाख, तुमचा सतरा महिन्यांचा पगार. वय 43. वहिनींना हा आकडा कागदावर लिहून दाखवा, त्यातून टेम्पोचं डाऊन पेमेंट, इन्शुरन्स, घराचा हप्ता आणि दहावीची फी वजा करा आणि मग दोघं मिळून ठरवा. टेम्पो वाईट धंदा आहे असं मी म्हणत नाहीये, पण ज्या मंदीने तुमच्या कंपनीच्या ऑर्डरी खाल्ल्या तिच मंदी वाळूजमधल्या माल वाहतुकीची भाडी पण खातेय, आणि तुमच्यासोबत व्हीआरएस घेणारे आणखी वीस जण त्याच महिन्यात टेम्पोच टाकणार आहेत. ज्यांचं वय पंचावन्नच्या पुढे आहे, मुलं कमावती आहेत, गुडघे गेलेत, त्यांनी व्हीआरएस घेतली तर मी त्यांना अजिबात अडवणार नाही, उलट त्यांच्यामुळे आत राहणाऱ्यांवरचा दबाव कमी होतो. तुमचं गणित वेगळं आहे. आणि हे पण मान्य करते की कायद्याने कपात झाली तर भरपाई वर्षाला 15 दिवसांच्या पगाराने, म्हणजे तुम्हाला साधारण सात महिन्यांचा पगार, त्यामानाने व्हीआरएस जास्त आहे. कंपनी कायद्याच्या दुपटीपेक्षा जास्त उगाच देत नाही, तिला तुमची सही हवीय, वाद नकोय. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता कमिटी. विकली गेली म्हणणं सोपं आहे, मी ते पुराव्याशिवाय म्हणणार नाही आणि तुम्ही पण गेट मीटिंगला म्हणू नका, कारण मॅनेजमेंटला जे हवंय ते त्याने फुकटात मिळतं. मंदीत कमिटीची माणसं पण घाबरलेली असतात, त्यांचेही हप्ते असतात, आणि समोरून रोज एकच वाक्य येतं की सही केली नाहीत तर प्लांट बंद. असे बरेच ड्राफ्ट मी वाचलेत आणि बहुतेक वेळा त्यात लबाडीपेक्षा घाई जास्त असते. म्हणून रविवारी पहिला प्रश्न हा विचारा की ऑर्डरी निम्म्यावर आल्या हे कुणी बघितलंय? मागच्या बारा महिन्यांचा डिस्पॅच, हातात असलेल्या ऑर्डरी, कंपनीचा ताळेबंद. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तरी तिने सरकारकडे भरलेला ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून कुणालाही बघता येतो, त्यासाठी मॅनेजमेंटची परवानगी लागत नाही. एखाद्या मेंबरच्या शिकलेल्या मुलीला हे काम द्या, एका संध्याकाळी होईल.

सीएल टाकायचा विचार मात्र सोडा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे कामगार कायदे, म्हणजे ते चार कोड, लागू झालेत, आणि त्यात निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लिव्ह टाकली तर तो संपच धरला जातो. संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. नोटीस नसेल तर संप बेकायदेशीर, मग पगार कापणं आलं, चार्जशीट आली आणि कंपनीला जे लोक काढायचेत त्यांची यादी तुम्हीच तयार करून दिल्यासारखं झालं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, माल खपत नसताना काम बंद केलं तर मालकाचं दुखतं किती? 18 जानेवारी 1982 ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, मागण्या खऱ्या होत्या, बदली (म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्यापुरत्या घेतलेल्या) कामगारांचे हाल खरे होते, मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघावर लोकांचा विश्वास उरला नव्हता हे पण खरं. पण गिरण्या आधीच अडचणीत होत्या, अनेक मालकांना त्या जुन्या मशीनवर पैसा घालायचाच नव्हता, आणि वर्ष उलटलं तरी त्यांना तडजोडीची गरज वाटली नाही. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, लोक हळूहळू गावी गेले. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, म्हणूनच सांगते, मंदीत तुमची ताकद मशीन बंद पाडण्यात फार थोडी आणि सहीत जास्त असते. पगाराच्या, कामाच्या तासांच्या अटी बदलायच्या असतील तर कंपनीला 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते, युनियनने हरकत घेतली की प्रकरण तडजोड अधिकाऱ्याकडे जातं. तुमच्या करारामुळे कंपनीचा हा सगळा व्याप वाचतो. म्हणजे तुमच्याकडे विकायला काहीतरी आहे, ते स्वस्तात जाऊ देऊ नका.

मग ड्राफ्टमधलं काय मान्य करायचं? माझं स्पष्ट मत सांगते. काम कमी झालंय हे आकड्यांवरून पटलं तर तास वाटून घ्या. माणसं कमी करण्यापेक्षा सगळ्यांचे दिवस थोडे कमी करणं हे मंदीतलं युनियनचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे असं मला वाटतं, आणि त्याला मोठा आधार आहे. 1993 ला जर्मनीत फोक्सवॅगनने सांगितलं की एक लाखाच्या आसपास कामगारांपैकी 30,000 जास्त आहेत. आयजी मेटल ही त्यांची युनियन, तिने करार केला की 1 जानेवारी 1994 पासून आठवडा 36 तासांवरून 28.8 तासांवर, म्हणजे चार दिवस, आणि बदल्यात दोन वर्षं कुणालाही सक्तीने काढायचं नाही. वर्षाचं उत्पन्न साधारण सोळा टक्क्यांनी कमी झालं, पण बोनस वगैरे रकमा बारा महिन्यांत वाटून महिन्याचा पगार जवळपास तेवढाच ठेवला, का तर लोकांचे हप्ते महिन्यावर असतात. हा बारीक विचार मला फार आवडतो. 2008 नंतरच्या मंदीत पण तिथे 14-15 लाख लोक कमी तासांवर होते, आणि गेलेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मुलं असतील तर 67 टक्के, सरकारी रोजगार विमा देत होता. आपल्याकडे तसं सरकारी पाठबळ नाही, हा मोठा फरक आहे आणि तो तुमच्या पगारातूनच भरला जाणार, म्हणून आंधळेपणाने नक्कल नको. तिथेही सगळं कायम टिकलं असं नाही, डिसेंबर 2024 च्या करारात फोक्सवॅगनने 2030 पर्यंत 35,000 जागा कमी करायचं ठरवलं, पण निवृत्ती आणि स्वखुशीच्या वाटेने, सक्तीची कपात आणि तातडीने प्लांट बंद करणं युनियनने थांबवलं.

आता हे तुमच्या ड्राफ्टशी ताडून बघा. तिकडे तास सोडले आणि पक्की हमी घेतली. तुमच्याकडे दिवस सोडताय, वाढ सोडताय, आणि मिळतोय ‘पूर्ण प्रयत्न’. प्रयत्न केला होता असं कंपनी उद्या कुठेही म्हणू शकते. त्या शब्दांच्या जागी तारखेसकट लिहून घ्या, अमुक तारखेपर्यंत एकाही कामगाराची कपात, सक्तीची बदली किंवा ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं) कराराबाहेर होणार नाही, आणि झाली तर पगारवाढीची गोठवलेली रक्कम फरकासह द्यावी लागेल. हे लिहून द्यायला कंपनी तयार नसेल तर तिच्या डोक्यात काय आहे ते तुम्हाला रविवारच्या आधीच कळेल.

नो वर्क नो पे तर मला अजिबात पटलेलं नाही. काम नाही म्हणून कंपनीने स्वतः बंद ठेवलं तर तो ले-ऑफ आहे, आणि तुमच्यासारख्या मस्टरवर वर्षापेक्षा जास्त असलेल्या कामगाराला त्या दिवसाचे बेसिक आणि डीएच्या निम्मे मिळायला पाहिजेत, हे जुन्या कायद्यात पण होतं आणि नव्यात पण आहे. तुमचे दिवसाचे साधारण 923, निम्मे 461, चार दिवसांचे 1,800 च्या वर. म्हणजे कमिटीने कायद्यात जे आपोआप मिळतं त्यापेक्षा कमी मान्य केलंय, आणि महिन्याला तुमच्या घरातून जाणारा हा पैसा मुलीच्या क्लासच्या फीएवढा आहे. वर्षाला 48 दिवस होतात, भरपाईची मर्यादा बारा महिन्यांत 45 दिवसांची, त्याच्या पुढच्या दिवसांचं पण लिहून घ्या. आणि ले-ऑफच्या दिवशी नेमलेल्या वेळी गेटवर जाऊन हजेरी लावा, न गेल्यामुळे भरपाई बुडाली असं खूप होतं. आणखी एक, स्टाफ आणि मॅनेजर लोकांचे दिवस पण कापले जाणार का हे विचारा. ड्राफ्टमध्ये त्याबद्दल एक ओळ दिसत नाही.

दोन वर्षं पगारवाढ नाही, हे मी नाइलाजाने चालवून घेईन, पण त्याला अट हवी की डिस्पॅच मागच्या वर्षीच्या इतक्या टक्क्यांवर गेला की वाढीची बोलणी लगेच सुरू होतील. महागाई भत्ता गोठवू देऊ नका.

आणि आता ज्या कलमावर खरं भांडायला पाहिजे ते, नवीन भरती साठ टक्के पगारावर. मला माहितीये हॉलमधले बरेच जण म्हणतील की जे अजून आलेच नाहीत त्यांचं जातंय, आपलं काय जातंय. अमेरिकेत ऑटो कामगारांच्या युनियनने, यूएडब्ल्यूने, 2007 ला हेच मान्य केलं होतं, जुन्यांना तासाला 28 डॉलरच्या आसपास आणि नवीन लागणाऱ्यांना साधारण 14 पासून. तेव्हा कंपन्या खरंच बुडत होत्या, 2009 ला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, जुन्यांचा महागाई भत्ता पण थांबला. युनियनला वाटलं होतं तात्पुरतं आहे. मग कंपन्या पुन्हा नफ्यात आल्या, वर्षामागून वर्षं गेली, तो निम्म्या पगाराचा कामगार शेजारच्या माणसाचंच काम करत राहिला, आणि ज्या युनियनने आपल्याला आत येण्याआधीच स्वस्तात विकलं तिच्याबद्दल त्याला प्रेम का वाटावं? ही फट बऱ्यापैकी बुजवायला 15 सप्टेंबर 2023 पासूनचा सहा आठवड्यांचा संप लागला, तिन्ही मोठ्या कंपन्यांवर एकाच वेळी, असं आधी कधी झालं नव्हतं. मधली सोळा वर्षं गेली ती गेली. आणि तुमच्या प्लांटमध्ये तर याचा पुढचा टप्पा मला आत्ताच दिसतो. स्वस्त ग्रेडची पन्नास माणसं आत आली की पुढच्या मंदीत व्हीआरएसची नोटीस महागड्या ग्रेडसाठीच लागणार, म्हणजे तुमच्यासाठी. मेंबर पण तेच होणार, काही वर्षांत मतं त्यांची जास्त होणार. हे कलम काढायला लावा, नाहीच निघालं तर किमान एवढं तरी लिहून घ्या की दोन-तीन वर्षांत नवीन माणूस आपोआप पूर्ण ग्रेडवर येईल.

याच नजरेने त्या 160 पोरांकडे बघा. दोन ग्रेड तुमच्याकडे आधीपासूनच होते ना. सात वर्षं एकाच लाइनवर उभा असलेला माणूस कंत्राटी कसा, हा प्रश्न ऑर्डरी भरपूर होत्या तेव्हा युनियनने विचारायला हवा होता, आणि पोरं गेली त्या शनिवारी परमनंट लोकांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतला असेल तर तो चार महिने पण टिकला नाही, हे तुम्ही बघताच आहात. यात एक कायद्याची बाब पण आहे. कपात करायला सरकारची आधी परवानगी लागते ती पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला, नव्या कोडमध्ये 300 ला, आणि मोजणी मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीने. तुम्ही परमनंट 210. कंत्राटी धरले तर 370. धरायचे की नाही यावर वाद होईल, युनियनच्या वकिलाला हे रविवारच्या आधी विचारा, आणि ती पोरं कधीपासून कुठल्या लाइनवर होती त्याच्या नोंदी, गेट पास, शिफ्टचे चार्ट, व्हॉट्सॲपवर आलेल्या ड्यूट्या, सगळं आत्ताच गोळा करून ठेवा. करारात एक कलम घाला की काम वाढलं की बाहेरून एक माणूस घ्यायच्या आधी या यादीतल्यांना बोलवायचं.

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून थोडक्यात टाकते. तुम्ही सायलेन्सरचे पार्ट बनवता, इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नसतो. मंदी उद्या गेली तरी हा प्रश्न राहणार. इंग्लंडमध्ये 1976 ला लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी कपातीच्या तोंडावर स्वतः बसून आराखडा केला होता की याच मशीनवर, याच हातांनी आणखी काय बनू शकतं, दीडशेच्या आसपास वस्तू काढल्या, पवनचक्क्या, हीट पंप, डायलिसिसची मशीन. मॅनेजमेंटने तो धुडकावला. पण कल्पना चुकीची नव्हती, आज त्यातलं बरंच बाजारात आहे. तुमच्या टूलरूममध्ये, वेल्डिंगवर वीस-वीस वर्षांची माणसं आहेत, त्यांना विचारा. किमान करारात एवढं मागा की कंपनीने नवीन प्रॉडक्ट घेतलं तर ते याच प्लांटला येईल आणि ट्रेनिंग आधी इथल्या कामगारांना मिळेल.

रविवारी हे सगळं एकटे बोलायला उभे राहू नका. शनिवारपर्यंत दोन्ही गटातले पाच-सहा जण गोळा करा, खास करून ते सही करा म्हणणारे, कारण ते भित्रे नाहीत, त्यांना घर चालवायचंय. आणि मागणी एकच ठेवा, कराराला सरसकट हो किंवा नाही असं मतदान नको, कलमवार घ्या, आणि नवीन ग्रेडचं कलम वेगळं मताला टाका. कमिटीला पण याने मदतच होते, ती परत जाऊन म्हणू शकते की लोकांनी एवढं मान्य केलं, एवढं नाही.

मेहुण्याला ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, ऑफिसात लगेच पाठवा. त्याचं कार्ड असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारी भत्ता मिळतो, सरासरी रोजंदारीच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस. सध्याची मुदत आणि अटी तिथे खिडकीवर विचारायला सांगा. त्याचा पीएफ कंत्राटदाराने खरंच भरलाय का ते मोबाइलवर पासबुक उघडून बघा, आणि सात वर्षांची ग्रॅच्युइटी त्याचीपण होते, कंत्राटदार दर वर्षी बदलत गेला असेल तर त्यावर वाद घालतील, तेव्हा युनियनच्या वकिलाकडे त्याची पण फाइल द्या. मतदानाचं काय झालं ते कळवा, आणि नवीन ड्राफ्ट आला तर पाठवा, मी कलम न कलम वाचून उत्तर देईन.